मूळ कॉपी-प्रोटेक्टेड फ्लॉपीवरचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर कसे चालवायचे? (नाशिककरांनो, ड्राइव्ह आहे का कुणाकडे?)

ओझरवाला (धागाकर्ता) – सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

बाबा ओझरला एचएएलमध्ये (विमानांच्या कारखान्यात) होते. मामा अमेरिकेहून आला तेव्हा त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २ ची मूळ फ्लॉपी घेऊन आला, सव्वापाच इंची. घरी कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. कॉलेज रोडला बाबांच्या मित्राचा क्लास होता, तिथे रविवारी सकाळी चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत जायचं आणि बाबा शिकागोच्या त्या मेग्ज फील्डवरून सेसना उडवायचे. आठवडाभर मिग पाहणारा माणूस सेसना उतरवताना घामाघूम व्हायचा.

पंचवटीतलं घर आवरताना ती फ्लॉपी सापडली. सोबत आणखी एक मूळ फ्लॉपी आहे, मुलांचा गणिताचा कसलासा गेम, लेबल पार उडालंय. बाकी क्लासमध्ये मारलेल्या कॉप्या: डिगर, पॅराट्रूपर, डेव्ह वगैरे.

एका ओळखीच्या दुकानदाराने जुन्या पेंटियमवर सगळ्यांच्या आयएमजी फाइली (अख्खी फ्लॉपी एका फाइलीत) करून दिल्या. कॉप्या डॉसबॉक्समध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्राम) मस्त चालतात. दोन्ही मूळ फ्लॉप्या मात्र चालत नाहीत. फ्लाइट सिम्युलेटर बूट केलं की काळा पडदा. गणितवाला सुरू होतो आणि ‘मूळ डिस्क ड्राइव्ह ए मध्ये टाका’ असं सांगून थांबतो. अरे बाबा, मूळच तर आहे!

फ्लॉप्या खराब झाल्या असतील का?

गंगाघाट – सोमवार, रात्री १०.०५

इंटरनेट आर्काइव्हवर २०१५ पासून डॉसचे हजारो गेम ब्राउझरमध्येच चालतात. फ्लाइट सिम्युलेटरही कुठे ना कुठे मिळेल. दहा मिनिटांचं काम, कशाला डोक्याला ताप भाऊ?

ओझरवाला – सोमवार, रात्री १०.१२

ते माहीत आहे. पण मला आमची फ्लॉपी चालवायची आहे. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. आणि त्या गणितवाल्याचं नावच आठवत नाही, तो शोधू कुठे?

ट्रॅकशून्य – सोमवार, रात्री ११.३०

ओझरवाला, फ्लॉप्या बहुधा ठणठणीत असाव्यात. गडबड आयएमजी फाइलीत आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतंच.

३६० केबीची फ्लॉपी म्हणजे ४० ट्रॅक (चकतीवरची वर्तुळं), दोन बाजू, दर ट्रॅकला नऊ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे), दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार केला की ३,६८,६४० बाइट. तुमच्या आयएमजी फाइलीचा आकार बघा, नेमका तेवढाच असेल. म्हणजे त्या फाइलीत सेक्टरमधला माल आला आणि बाकी सगळं गळलं. सेक्टरवर कोणता क्रमांक लिहिला होता, चेकसम (माल शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) जुळत होता की नाही, दोन सेक्टरांच्या मधल्या जागेत काय होतं, यातलं काहीही त्यात नाही. आणि कुलूप (म्हणजे कॉपी प्रोटेक्शन) लावणारे नेमके त्या गळलेल्या भागातच कुलूप लावायचे.

सोपा प्रकार असा. एखाद्या ट्रॅकवर नऊऐवजी भलत्याच संख्येचे किंवा भलत्याच आकाराचे सेक्टर घालायचे, नाहीतर एका सेक्टरचा चेकसम मुद्दाम चुकवायचा. पीसीमधली फ्लॉपी कंट्रोलरची चिप (एनईसीची ७६५ किंवा तिची भावंडं) असले सेक्टर वाचू शकते. डॉसच्या डिस्ककॉपी कमांडला मात्र ते कळत नाहीत. गेम सुरू झाला की त्या ट्रॅकवर जाऊन बघतो, चूक जागेवर आहे का? चूक सापडली तर फ्लॉपी खरी. कॉपी जितकी स्वच्छ, तितकी ती पकडली जाते.

दुसरा प्रकार लांब ट्रॅकचा. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे फिरते, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने एका फेऱ्यात सगळं मिळून ६,२५० बाइट बसतात. कारखान्यातल्या डुप्लिकेटिंग यंत्रांना बिट जरा दाटीवाटीने लिहिता यायचे, त्यामुळे ट्रॅकवर थोडा जास्त माल मावायचा. घरच्या ड्राइव्हने तो वाचता येतो, तसाच्या तसा लिहिता येत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो तिसरा प्रकार, कच्चे (वीक) बिट. ट्रॅकच्या एखाद्या तुकड्यावर चुंबकीय बदलच ठेवायचे नाहीत. ड्राइव्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल मिळाला नाही की तो आवाज वाढवत जातो आणि शेवटी नुसत्या खरखरीलाच बिट समजून पुढे पाठवतो. त्यामुळे तोच सेक्टर दोनदा वाचला तर दोन वेगळी उत्तरं येतात. अटारी एसटीवरच्या १९८७ च्या डंजन मास्टरमध्ये याचंच आणखी चलाख रूप होतं. तिथे चुंबकीय बदल बिटच्या वेळेच्या अगदी सीमारेषेवर ठेवले होते, कधी या बाजूला मोजले जातात, कधी त्या. गेम सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा. प्रत्येक वेळी सारखंच उत्तर आलं तर समोर नक्कल आहे हे त्याला कळायचं. आयएमजी फाइल तर कायम सारखंच उत्तर देणार!

आणि व्हॉल्ट कंपनीचं प्रोलॉक. त्यात फ्लॉपीच्या पृष्ठभागावर खरोखरची इजा केलेली असायची. प्रोग्राम त्या जागी काहीतरी लिहून बघायचा. लिहिलेलं टिकलं, तर पृष्ठभाग धडधाकट आहे, म्हणजे फ्लॉपी खोटी.

आता डॉसबॉक्सबद्दल. ते गेम चालवायला उत्तम आहे, पण मूळ डॉसबॉक्स फ्लॉपी कंट्रोलरची चिप उभी करत नाही. गेमने बायोसला (कॉम्प्युटरच्या आतल्या मूळ प्रोग्रामला) ‘हा सेक्टर दे’ म्हटलं की फाइलीतून उचलून देतो. गेम थेट चिपशी बोलायला गेला की पलीकडे कुणीच नसतं. फ्लाइट सिम्युलेटर तर डॉसशिवाय स्वतःच बूट होतं आणि हार्डवेअरशी इतकी सलगी करतं, की त्या काळी एखादा पीसी आयबीएमशी खरंच कंपॅटिबल आहे का हे तपासायला लोटस १-२-३ या स्प्रेडशीटच्या जोडीला तेच चालवून बघायचे.

तेव्हा दोन गोष्टी लागतील. फ्लॉपीची फ्लक्स इमेज, आणि चिपपर्यंत सगळं उभं करणारा एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम). उद्या लिहितो, झोप आली.

झणझणीत – मंगळवार, सकाळी ७.५०

बाप रे, काय प्रतिसाद आहे. वाचनखूण साठवली. मी सिडकोतल्या ज्या क्लासला जायचो तिथे फ्लॉपीचं पाकीट हातात घेतलं तरी सर ओरडायचे.

शंका: प्रिन्स ऑफ पर्शियामध्ये पहिली लेव्हल संपल्यावर बाटल्यांची खोली यायची आणि चुकीच्या बाटल्या पीत बसलं की राजपुत्र मरायचा. तेही कॉपी प्रोटेक्शनच ना?

ट्रॅकशून्य – मंगळवार, सकाळी ९.१५

हो, पण ते मॅन्युअलवरचं. अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर आहे ती प्यायची. ज्याने पेटी विकत घेतली त्याच्याकडे पुस्तिका असणार असा हिशेब. आपल्याकडे कुणाकडेच पुस्तिका नव्हती, सगळे अंदाजाने प्यायचे. असल्या प्रोटेक्शनचं एम्युलेटरला काही वाटत नाही, कारण फ्लॉपीशी त्याचा संबंधच नाही. पुस्तिका स्कॅन करून ठेवली की झालं.

आता कालचं पुढे. फ्लक्स म्हणजे ड्राइव्हच्या हेडखालून चुंबकीय दिशा कधी कधी बदलली, त्याच्या वेळा. सेक्टर, बाइट, चेकसम असला कुठलाही अर्थ न लावता फक्त वेळा नोंदवायच्या. आयएमजी फाइल म्हणजे जुन्या पोथीचं टायपिंग असेल तर फ्लक्स म्हणजे पानाचा फोटो. खाडाखोड, डाग, समासातल्या खुणा सगळं येतं. आकारही तसाच. तीन फेऱ्यांची नोंद घेतली तर ३६० केबीच्या फ्लॉपीची फाइल वीसेक एमबीची होते. एकाहून जास्त फेऱ्या घ्यायच्याच, नाहीतर कच्चे बिट कच्चे आहेत हे कळणार कसं?

यासाठी ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड मिळतो. कीअर फ्रेझर यांचा प्रकल्प, सॉफ्टवेअर खुलं आहे. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जुन्या ड्राइव्हची ३४ पिनांची पट्टी. क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रो हे त्याच जातीचे. मी ग्रीझवीझल वापरतो, कारण स्वस्त आहे आणि बिघडला तर जीव जळत नाही.

यूएसबीची साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह कृपया घेऊ नका. ती फक्त ठरावीक फॉरमॅटचे सेक्टर देते, फ्लक्सपर्यंत हातच पोचत नाही. शिवाय तुमची फ्लॉपी सव्वापाच इंची.

खरी अडचण पुढेच आहे. सव्वापाचचा चालू ड्राइव्ह लागेल. मी पुण्यात, नाशिकला येणं दिवाळीलाच.

गंगाघाट – मंगळवार, सकाळी ११.२०

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार उठल्यापासून असल्या वस्तू दिसत नाहीत. बुधवारच्या बाजारात घाटावर बघतो उद्या. कॅसेट प्लेअर हमखास असतात, फ्लॉपी ड्राइव्हचं सांगता येत नाही.

प्रयोगवही – मंगळवार, दुपारी २.१०

बाजारात जाऊ नका, माझ्याकडे आहे. १.२ एमबीचा सव्वापाचचा ड्राइव्ह. आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबने निर्लेखन केलं तेव्हा रीतसर लिलावात घेतला. ग्रीझवीझलही आहे. मी गंगापूर रोडला राहते.

पण आधी एक सांगा, फ्लॉप्या कुठे ठेवल्या होत्या? पंचवटीत म्हणताय, घरात कधी पुराचं पाणी आलं होतं का?

ओझरवाला – मंगळवार, दुपारी २.३०

ताई, तुमचे उपकार कसे फेडू! २००८ च्या पुरात तळमजल्यात पाणी होतं, पण खोका माळ्यावर होता. तरी ओल असणारच. गणितवाल्या फ्लॉपीच्या खिडकीतून बघितलं तर पांढुरके ठिपके दिसतात.

प्रयोगवही – मंगळवार, दुपारी २.४५

ती फ्लॉपी आता कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. दुकानदाराकडेही नाही. ठिपके म्हणजे बुरशी. फ्लॉपी हेडला टेकूनच फिरते, त्यामुळे बुरशी हेडवर बसते, हेड पुढचा लेप खरवडतं, आणि त्याच ड्राइव्हमध्ये पुढची चांगली फ्लॉपी घातली तर तीही जाते. माझा ड्राइव्ह आहे म्हणून घाबरवत नाहीये (थोडं आहेच).

पाकिटाची एक कड अलगद कापून आतली चकती बाहेर काढायची, ऊर्ध्वपातित पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवायची, साध्या पाण्यातून काढायची, धूळ नसलेल्या जागी वाळवायची आणि दुसऱ्या रिकाम्या पाकिटात घालायची. चकतीला बोटं लावायची नाहीत. रिकामं पाकीट एखाद्या नको असलेल्या फ्लॉपीचं घेऊ. हेड दर फ्लॉपीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

झणझणीत – मंगळवार, दुपारी ३.३०

मिक्सरच्या भांड्यालाही आमच्याकडे इतकी काळजी मिळत नाही.

ट्रॅकशून्य, ड्राइव्ह १.२ एमबीचा आणि फ्लॉपी ३६० ची. चालेल?

ट्रॅकशून्य – मंगळवार, संध्याकाळी ६.००

वाचायला चालेल. १.२ चा ड्राइव्ह ८० ट्रॅकचा आहे, त्यामुळे दर ट्रॅकला दोन पावलं टाकायला सांगायचं. तो मिनिटाला ३६० फेरे फिरतो, ३०० नाही, पण फ्लक्समध्ये वेळाच नोंदवलेल्या असल्याने सॉफ्टवेअर तो फरक काढून टाकतं.

त्याच ड्राइव्हने ३६० च्या फ्लॉपीवर लिहू मात्र नका. त्याचं हेड अरुंद आहे. रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक रेघ लिहिली जाते, कडेला जुना माल तसाच राहतो, आणि जुना ३६० चा ड्राइव्ह दोन्ही एकत्र वाचून गोंधळतो. म्हणून आधी फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. सव्वापाचला खाच झाकली की लिहिणं बंद, साडेतीनला भोक उघडं ठेवलं की बंद. लोक उलटं करतात.

ताई, ड्राइव्हला ५ आणि १२ दोन्ही व्होल्ट लागतात हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी: यूएसबीच्या भरवशावर राहू नका, जुन्या एसएमपीएसचा (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा) चार पिनांचा प्लग लावा.

वकिली_चष्मा – मंगळवार, रात्री ८.२५

अवांतर, पण कुणीतरी विचारणारच म्हणून. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात प्रोग्रामची प्रत आहे, त्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून बॅकअप प्रत करता येते, मूळ ज्या कामासाठी दिली त्या कामापुरती. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याबद्दल आहे, पण त्यात हक्कभंग करण्याचा हेतू असावा लागतो. ओझरवाला स्वतःच्या फ्लॉपीची इमेज घरी चालवणार असतील तर माझ्या मते ते निश्चिंत असावेत. ती इमेज जगाला वाटली तर गोष्ट वेगळी. ‘कंपनी बंद पडली, आता चालतं’ असं कायद्यात काही नाही.

वर प्रोलॉकचा उल्लेख आला. त्या व्हॉल्ट कंपनीने कुलूप चुकवणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या क्वेड कंपनीवर अमेरिकेत दावा लावला होता. १९८८ मध्ये अपील कोर्टात व्हॉल्ट हरली. ग्राहकाला बॅकअप घेण्याचा हक्क आहे आणि क्वेडचं सॉफ्टवेअर त्या कामी येतं, असा निकाल होता.

गंगाघाट – मंगळवार, रात्री ९.००

सगळं पटलं. तरी माझा मुद्दा उरतोच. कुणीतरी कुलूप काढलेली आवृत्ती आधीच आहे, तर फ्लक्स, धुणं, चिप, एवढा खटाटोप हौस म्हणूनच ना?

ट्रॅकशून्य – मंगळवार, रात्री १०.१०

हौस आहेच, नाकारत नाही. पण क्रॅक केलेली प्रत म्हणजे कुणीतरी बदललेली प्रत. काही गेम कुलूप एकदा सुरुवातीला तपासतात आणि मग बऱ्याच वेळाने गुपचूप पुन्हा तपासतात. क्रॅक करणाऱ्याला पहिली तपासणी सापडली आणि दुसरी नाही, तर गेम सुरू होतो आणि मध्येच कुठेतरी अडतो. आपल्याला वाटतं गेमच तसा आहे. शिवाय जागा वाचवायला सुरुवातीचं चित्र उडवलेलं, स्वतःचं नाव टाकलेलं, असेही प्रकार.

दुसऱ्या बाजूनेही बोलतो. आपल्या पिढीने जे गेम खेळले ते जवळजवळ सगळे कुणीतरी कुलूप काढलेले होते. तेवढे कॉपी झाले म्हणून तेवढे टिकले. ज्याचं कुलूप कुणी काढलंच नाही, असा एखादा गणिताचा गेम असतो तो एका खोक्यात माळ्यावर पडून राहतो. मला फ्लाइट सिम्युलेटरपेक्षा त्या गणितवाल्याचीच काळजी जास्त आहे. फ्लाइट सिम्युलेटरच्या फ्लॉप्या जगात भरपूर आहेत.

गंगाघाट – मंगळवार, रात्री १०.१५

हे मान्य.

प्रयोगवही – रविवार, संध्याकाळी ५.२०

ओझरवाला आज बाबांना घेऊन आले होते. काका ड्राइव्हचा आवाज ऐकूनच खुश. हिशेब देते.

फ्लाइट सिम्युलेटर: फ्लॉपी स्वच्छ होती, पहिल्या फटक्यात वाचली.

गणितवाला: गुरुवारीच धुऊन ठेवला होता. बाहेरच्या ट्रॅकांवर एक ओरखडा आहे, तिथले दोन सेक्टर हट्टी निघाले. फेऱ्या वाढवून, मध्ये हेड पुसून पुन्हा वाचल्यावर आले. मजा आतल्या बाजूला. एका ट्रॅकवर एकच सेक्टर असा, की प्रत्येक फेरीत त्याच्या मधल्या काही बाइटची किंमत वेगळी येते, कडेचे बाइट मात्र अगदी स्थिर. खराब झालेला सेक्टर इतका नीटनेटका खराब होत नाही. कच्चे बिट, मुद्दाम ठेवलेले. दुकानदाराच्या इमेजमध्ये त्या जागी एकदाच वाचलेली किंमत गोठून बसली होती, म्हणून गेम मूळ डिस्क मागत बसला.

आता एम्युलेटर कुठला वापरायचा ते सांगा. फाइल एससीपी या फ्लक्सच्या प्रकारात ठेवली आहे.

ट्रॅकशून्य – रविवार, संध्याकाळी ६.०५

वा! ती मूळ एससीपी फाइल आधी दोन ठिकाणी ठेवा, मग बाकी.

या काळातल्या गेमसाठी मार्टीपीसी बघा. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ चा आयबीएम पीसी आणि एक्सटी तो घड्याळाच्या ठोक्यापर्यंत नक्कल करतो, आणि एससीपी थेट उघडतो. वेगाचाही प्रश्न सुटतो, कारण ते गेम त्याच चिपच्या वेगावर बेतलेले होते. ८६बॉक्स यंत्रांच्या बाबतीत जास्त व्यापक आहे, ३८६, ४८६, पेंटियम सगळं उभं करतो, पण त्याला फ्लॉपी त्याच्या ८६एफ प्रकारात दिलेली बरी. कच्चे बिट त्या प्रकारात नोंदवता येतात. बदल करून बघितलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. गेम स्कोअर लिहायला गेला की इमेज बदलते.

बाकी यंत्रांवाल्यांसाठी, धागा वाचत असाल तर: अमिगाला विनयूएई, अटारी एसटीला हटारी, अ‍ॅपल टू साठी वोझ प्रकारातल्या इमेज.

ओझरवाला – सोमवार, रात्री ११.१०

चाललं!!

मार्टीपीसी, सीजीए (त्या काळचं रंगीत डिस्प्ले कार्ड), फ्लॉपी ए मध्ये एससीपी. फ्लाइट सिम्युलेटर बूट झालं, मॉनिटर कुठला आहे वगैरे प्रश्न विचारले आणि मेग्ज फील्ड. बाबांनी पहिल्यांदा सेसना थेट तळ्यात घातली. म्हणाले, थ्रॉटल उलटं शिकवलंयस. मेग्ज फील्ड २००३ मध्ये बंद झालं हे सांगितलं तर म्हणाले, मग उतरू कुठे?

गणितवालाही चालू झाला. मूळ डिस्क मागितली नाही. नाव कळलं, पण शोधलं तर कुठेच काही सापडत नाही. ट्रॅकशून्य, खरडवहीत फाइलीबद्दल विचारलंय, वकीलसाहेबांचं वाचून मगच काय ते ठरवू.

वकिली_चष्मा – मंगळवार, सकाळी ८.४०

एखाद्या संग्रहालयाशी किंवा जतन करणाऱ्या संस्थेशी बोला. फाइल आणि फ्लॉपी दोन्ही देऊ करा, सार्वजनिक करायची की नाही ते त्यांना ठरवू दे. इथे लिंक टाकू नका.

झणझणीत – मंगळवार, सकाळी ९.३०

धागा सार्थकी लागला. आता माझं गाऱ्हाणं. काकांच्या छापखान्यात जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर आहे, लग्नपत्रिकांच्या सगळ्या फाइली त्यात. त्याचं कुलूप फ्लॉपीत नाही, प्रिंटरच्या पोर्टला लावायचा डाँगल (किल्लीसारखा ठोकळा) आहे. कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजतोय. यातून फ्लक्सने काही होईल का?

ट्रॅकशून्य – मंगळवार, सकाळी १०.००

फ्लक्सचा इथे काही उपयोग नाही, डाँगलमध्ये वेगळी चिप असते. आधी हार्डडिस्कची पूर्ण इमेज घ्या, आजच. पॅरलल पोर्ट (तेच प्रिंटरचं पोर्ट) असलेलं दुसरं जुनं मशीन भंगारात मिळतं, यूएसबीचं कनव्हर्टर डाँगलला बहुतेक वेळा चालत नाही. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा. तिथे सॉफ्टवेअरची आवृत्ती, विंडोजची आवृत्ती आणि डाँगलवर काय छापलंय ते लिहा.